नाव घ्या, आजी

रक्ताची पिशवी लटकवून झाली होती, सुई लावून झाली होती, आणि सुलक्षणा सिस्टर नळीचा चाप दाबून उभी होती.

“नाव सांगितल्याशिवाय रक्त सोडणार नाही,” ती म्हणाली.

डॉक्टर रविराजनी कपाळाला हात लावला. चार नंबरच्या कॉटवर म्हातारा पांढराफटक पडला होता. पोटात आतल्या आत रक्त साचत होतं. ऑपरेशनला पुण्याला हलवायचं, पण रक्त चढवल्याशिवाय तो तिथवर टिकणार नव्हता. पिशवीवर नाव सोपान, फाईलवर नाव सोपान, आणि फाईल चार नंबरलाच अडकवलेली. आणखी काय पाहिजे होतं या बाईला?

पण बाईचा नियम होता. रक्त द्यायच्या आधी पेशंटनं, नाहीतर त्याच्या घरच्या माणसानं, पेशंटचं नाव स्वतःच्या तोंडानं सांगायचं. विमानात एक वैमानिक आकडा मोठ्यानं म्हणतो आणि दुसरा तो परत म्हणतो, तसं दवाखान्यात केलं तर किती चुका टळतील, याचा अभ्यास ती दोन वर्षं पुण्याच्या काही संशोधकांबरोबर करत होती. शिरूर तालुक्यातल्या त्या लहानशा दवाखान्यात होता होता राहिलेली प्रत्येक चूक ती वहीत लिहायची. कुणामुळे झाली ते कधीच नाही, कशामुळे झाली तेवढंच. बाकीचे तिला मागून ‘पायलट मॅडम’ म्हणायचे. वॉर्डबॉय संपत तर तोंडावरच म्हणायचा.

सकाळी मेंढरं भरून बाजाराला निघालेला पिकअप कवठे येमाईजवळ उलटला आणि दोन म्हातारे बेशुद्ध होऊन आले. दोघांचे तांबडे फेटे, दोघांच्या पांढऱ्या मिशा. नावं ड्रायव्हरनं सांगितली, सोपान आणि हौशीराम. मनगटाला बांधायचे पट्टे नेमके संपलेले, म्हणून फायली कॉटला अडकवल्या. चारला सोपानची, पाचला हौशीरामची. लगेच दोघांचं रक्त गट जुळवायला घेतलं, मग दोघांना एकदमच एक्स-रेला नेऊन परत कॉटवर ठेवलं. त्यानंतर तासाभरात चार नंबरचं बीपी घसरायला लागलं. पाच नंबरचा नुसता पाय मोडला होता, तो गुंगीच्या इंजेक्शनवर घोरत होता.

बानूबाई आली ती कुणालाही न विचारता थेट चार नंबरपाशी गेली आणि नवऱ्याचे पाय धरून बसली. डोईवर पदर, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. संपतला तिची कीव आली.

“आजी, जेवलायसा का?”

तिनं मान हलवली.

“का सकाळधरनं उपाशीच हाय?”

तिनं पुन्हा तश्शीच मान हलवली. आता बोला! संपत हसला आणि तिच्यासाठी चहा घेऊन आला. तो चहा आता तिच्या शेजारी साय धरून पडला होता.

डॉक्टर खाली वाकले. “आजी, हे सोपानच ना?”

बानूबाईनं मान हलवली.

“झालं! बघितलंत ना, सिस्टर? सोडा रक्त.”

“मान नको, सर. नाव पाहिजे. आजी, तुमच्या मालकांचं नाव काय?”

बानूबाईनं पदर तोंडाशी नेला. “न्हाई बाई. धन्याचं नाव कसं घिऊ? पन्नास वर्सं झाली, तोंडातनं काढलं न्हाई. नाव घेतलं की आयुक्ष सरतं त्यांचं.”

“संपत, यांच्या मुलाला फोन लाव.”

“चारदा लावला, मॅडम. रांजणगावला कंपनीत हाय त्यो. फोन गेटवर जमा असतोय.”

“बीपी सत्तर!” डॉक्टर ओरडले. “तुमच्या त्या वहीपायी माणूस मरेल, सिस्टर. कळतंय का? मी आजच्या आज तुमच्याविरुद्ध लिहून देणार आहे.”

सुलक्षणानं चाप आणखी घट्ट धरला. विमानाच्या गोष्टी सांगायला सोप्या असतात. हा माणूस हातचा गेला तर आपला नियम काय चाटायचाय? उद्या याच बाईच्या तोंडाकडे कसं बघायचं? तिला रडायला येत होतं, आणि तरी चाप सोडवत नव्हता.

“एक मिनिट द्या, सर. मग तुम्ही तुमच्या हातानं सोडा.”

ती बानूबाईच्या पुढ्यात उकिडवी बसली. एक हात वर, चापावर तसाच.

“आजी, लग्नात नाव घेतलं होतंत की नाही? उखाण्यात?”

“तवा घेतलं. येकदाच. सासूनं उंबऱ्यावर अडवली व्हती, नाव घेतल्याबिगर आत सोडंना.”

“मग समजा, आज मी अडवलंय. उखाण्यातलं नाव चालतं की. त्यानं काही आयुष्य सरत नाही. तोच उखाणा घ्या.”

बानूबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या ओठांवरचा रंग उडाला होता. तिचे डोळे भरून आले.

“ह्यांला काय झालं तर तुज्या डोक्यावर हाय बग, पोरी.”

“माझ्या डोक्यावर, आजी. घ्या.”

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. मिनिट संपलं होतं. त्यांनी सुलक्षणाचा अंगठा बाजूला केला आणि चापावर स्वतःची बोटं ठेवली.

बानूबाईनं पदर सारखा केला, मान खाली घातली आणि नव्या नवरीसारखी लाजत, हळूच म्हणाली,

“कवठ्याच्या माळावर मेंढरांमागं गाळला घाम,
माज्या कपाळीच्या कुकवाचं धनी हौशीराम.”