न फोडलेली तार

महायुद्धात बुडालेल्या एका फौजी बोटीबद्दल दामिनी मोबाइलवर वाचून दाखवत होती. पंच्याऐंशी वर्षांच्या यशोदाआजीनं ऐकता ऐकता उठून पेटीतून एक जुनी तार काढली. "माहा बापही असाच बोटीत गेला. हे तार आली होती." तार अजून बंदच होती.

"आजी, फोडली काहून नाही?"

"तवा आमच्या भातकुली गावात तार म्हंजे मयतच. पायल्याबरोबर रडारड सुरू झाली, मायच्या बांगड्या फोडल्या. इंग्रजी वाचाले होतं कोन? वरीसभरानं काकासंगं तिचा पाट लावला, म्हंजे दुसरं लगन."

दामिनीनं तार फोडली आणि मराठीत सांगितली : 'बोट बुडाली. मी वाचलो. सुट्टी मिळाली की घरी येतो. पुंजाजी.'

आजीनं तार हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाली, "एक फौजी आला होता व. वेशीवर म्याच त्याले पानी देल्लं. कोनाची पोरगी म्हने. म्या म्हटलं, पुंजाजीची. त्यानं मले उचलून घेतलं अन् इचारलं, नवा झगा कायचा?"

 

"म्या सांगतलं, आज मायचा पाट हाय."