बाबांनी काढलेल्या चुका

“हा वाळूचा खड्डा चुकलाय,” बाबा म्हणाले. “उजवीकडे हवा होता. नवशिक्यांचा चेंडू तिकडेच जातो.”

सुहासने वहीत लिहून घेतलं. त्याने आखलेलं हे पहिलंच गोल्फचं मैदान. उद्घाटनाआधी तो बाबांना मुद्दाम घेऊन आला होता. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बॅगा वाहणाऱ्या या कॅडीइतका गवताचा कल ओळखणारा माणूस त्याला माहीत नव्हता. त्यांच्या तोंडून कौतुक मात्र त्याने कधीच ऐकलं नव्हतं.

सातव्या होलपर्यंत नऊ चुका निघाल्या. तिथल्या चढावर बाबा थांबले.

“इथे एक कडुलिंब लाव. बॅग टेकवून कॅडीला क्षणभर सावलीत उभं राहता येईल.”

“बाबा, इथे कॅडी नसतील.”

“म्हणजे?”

“बॅगा न्यायला बॅटरीच्या गाड्या आहेत. होलपर्यंतचं अंतरसुद्धा त्यांच्या पडद्यावर दिसतं. मालकांची पहिल्या दिवसापासून तीच अट होती.”

“अरे, मी वस्तीतल्या बारा जणांना सांगून बसलोय, पोराचं मैदान आहे म्हणून. सोमवारी कामावर येतायत सगळे. दत्तूने तर जुनं काम सोडलं.”



पुढचे अकरा होल बाबा नुसते चालले. आठव्यावरचा उतार उलटा पडला होता, बाराव्यावर पाणी साचलं होतं. बाबांनी दोन्हीकडे पाहिलं आणि पुढे गेले. सुहासने वही उघडीच धरली होती.

शेवटी त्यानेच विचारलं, “आणखी काय चुकलंय?”

“काही नाही,” बाबा म्हणाले. “छान झालंय.”