ढिल्या गाठी

या माणसाचं करायचं काय? लकवा मारल्यापासून नवऱ्याचा हात थरथरतो, बोटीवर कुणी घेत नाही, म्हणून खाडीवरची फाटकी जाळी घरी आणून सांधतो. गाठी सगळ्या ढिल्या. पहिल्याच ओढीला सुटतील. सांगायला गेलं की खेकसतो, "देवकी, तू बोंबील वाळव, जाळं मला शिकवू नकोस." मग दुपारी तो घोरायला लागला की मी त्याच्या गाठी सोडून पुन्हा घट्ट मारते. त्यात माझा चष्मा रोज हरवतो, त्यावरूनही बोलणी खायची. आज डहाणूच्या बाजारात मासळी विकून वैतागूनच घरी आले. हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. जाळं दाराशी उजेडात पसरलेलं, सुईत दोरा भरलेला आणि पहिल्या ढिल्या गाठीवर माझा चष्मा, पुसून ठेवलेला. घोरण्याचा आवाज नव्हता. मी चष्मा लावला आणि त्याच्या पाठीला म्हणाले, "घोरा की आता."