मास्तरांची नवी वाट

वीस वर्षं टेलरमास्तर दोन बस बदलून दुकानात जात, पण उशीर म्हणून कधी झाला नाही. आता तर त्यांनी दुकानच राहत्या इमारतीत, तळमजल्यावर आणलं होतं.

"सुटलो एकदाचा! पाच मजले उतरलो की कामावर हजर," मास्तर बायकोला ऐटीत म्हणाले.

"मग लिफ्टने जा की."

"छे! लिफ्टची वाट कोण बघत बसणार? जिना बरा, पायही मोकळे होतात."

पहिल्याच दिवशी दहा वाजता एक नवरदेव कोट न्यायला येणार होता, म्हणून मास्तर चांगले साडेनऊलाच घराबाहेर पडले.

सव्वादहाला त्यांचा फोन वाजला. "मास्तर, दुकानाला कुलूप आहे. बारा वाजता लग्न आहे हो माझं! कुठे अडकलात?"

मास्तरांच्या एका खांद्यावर वरच्या शेजारणीचे पडदे होते, दुसऱ्यावर कुणाची तरी चेन गेलेली पँट होती, आणि समोरच्या दारात एक आजी उसवलेला गाऊन घेऊन उभ्या होत्या.

मास्तर घाम पुसत म्हणाले, "केव्हाचा निघालोय हो! आत्ताशी कुठे तिसऱ्या मजल्यावर पोचलोय."