छायाचं तोंड

“कोणता गुडघा?” सुई हातात धरून डॉक्टरीणबाईनं विचारलं.

“गुडघे राहू दे वं बाई,” मनकर्णाबाई म्हणाली. “तोंडाले दे.”

डॉक्टरीणबाईचा हात थांबला. मनकर्णाबाईचे गुडघे तं असे वाजत, का शेजारची म्हैस भिऊन पान्हा चोरे. बीबी गावाहून चिखलीच्या ह्या दवाखान्यात येतानी एसटीच्या पायरीवर दोघांनी तिले वरून ओढलं होतं अन् तिसऱ्यानं खालून ढकललं होतं. दवाखान्यात आपलंच रक्त काढत, मशीनमंधी गरगर फिरवत, अन् त्यातून निघालेलं पिवळं पाणी सुईनं परत आपल्याच आंगात सोडत. गुडघ्यात सोडलं तं गुडघा सुधरते, गालात सोडलं तं गाल भरते, असं लोक म्हणत. पण मनकर्णाबाईच्या आंगात रक्तच कमी. एकाच जागी पुरंन, हे डॉक्टरीणबाईनं आधीच सांगून ठेवलं होतं.

“आजी, वय काय तुमचं?”

“बासष्ट. पन्नासची करून दे.”

“इतकं नाही होत. अन् जे होईल ते फार दिवस टिकणारही नाही.”

“एक दिवस टिकलं तरी झालं.”

बाजूले उभ्या सुनेनं, सुचितानं, तोंडाले पदर लावला. “आत्याबाई, घरी मामंजीले काय सांगू?”

“सांग, दुसरी करून आणली म्हणा.”

सारा दवाखाना हसला. खरी गोष्ट मनकर्णाबाईनं कोणाले सांगितली नाही.

घरी खाटीवर तिची माय होती, भिमाबाई. ब्याऐंशी वर्षांची. सहा महिन्यांपासून उठणं बंद, बोलणंही जवळजवळ बंद. एकच म्हणे, “छायाले बोलाव.” छाया म्हणजे मनकर्णाबाईची पाठची बहीण. ते दहा सालाआधी काविळीनं गेली, पन्नासाव्या वर्षी. पहिल्या पहिल्यांदा मनकर्णाबाई समजावून सांगे, माय, छाया नाही राह्यली आता. म्हातारी ऐकून घे, भिंतीकडं पाहे, अन् घटकाभरानं पुन्हा तेच, “बोलाव न तिले.” सारे म्हणत, पोरीचं मरण म्हातारीच्या डोक्यातून पुसून गेलं. मनकर्णाबाई तिले घास भरवे, आंग पुसून दे, गोळ्या कुटून पाजे. अन् माय वाट पाहे मेलेल्या पोरीची. दोघी बहिणी लहानपणापासून एका साच्यातल्या. एकदा, फक्त एकदा मायचा जीव थंडा व्हावा, म्हणून हा सारा खटाटोप.

तीन महिन्यांत तीन खेपा झाल्या. गाल वर आले. डोळ्याखालच्या थैल्या आटल्या. केस काळे करून ते घरी आली तं तिचा नवरा उकंडराव घाईघाईनं शर्टाची बटनं लावाले लागला. “कोण पाहिजे बाई तुमाले?” म्हणे. हातपंपावर शेजारच्या आशाबाईनं टोमणा मारला, “मनकर्णे, हळद कवा हाय वं?”

“तुह्या नवऱ्याले विचार. तो तयार असंन तं उद्याच.”

गावात कोणी म्हणे बाई चाळीसची दिसते, कोणी म्हणे तिशीची. आशाबाई तं सांगत फिरे, का मनकर्णीले दुधाचे दात येऊन राह्यले. गुडघ्यांची गोष्ट कोणी काढत नव्हतं. ते गुडघे आता तिले न्हाणीपर्यंतही नीट जाऊ देत नव्हते.

मग एका दुपारी मनकर्णाबाईनं पेटीतून आठवण म्हणून ठेवलेली छायाची पोपटी साडी काढली. छायासारखा मधातून भांग पाडला. सुचिताले म्हणाली, “आत कोणाले येऊ देऊ नको.” भिंत धरत धरत खाटीपाशी गेली अन् काठावर बसली.

“माय, मी छाया. तू बोलावलं न?”

भिमाबाईनं डोळे उघडले. लय वेळ पाह्यलं. गालावरून हात फिरवला, हनुवटी धरली. अन् जे म्हातारी नऊ महिन्यांत आपल्या हातानं कुशीवर वळली नव्हती, ते दोन्ही हातांवर जोर देऊन उठून बसली. तोंडभर हसली. मनकर्णाबाईले वाटलं, चिखलीच्या साऱ्या खेपा फिटल्या.

“लय उशीर केला बाई,” भिमाबाई म्हणाली. “दहा साल झाले तुले मरून.”

मनकर्णाबाई खाटीचा काठ धरून मांगं सरकली.

“माह्या मायले तिची मेलेली बहीण न्याले आली होती. माय तिच्यासंगं बोलली, हसली, अन् गेली. मी म्हटलं, मले माह्यी छाया येईन. म्हणून तं तुले बोलवत होती. इथं कोणाले समजतच नाही.” म्हातारीनं पाय खाटीखाली सोडले. “चाल आता.”

माय, मी छाया नाही, मी मनकर्णी हावो. एवढं सांगाले मनकर्णाबाईनं तोंड उघडलं. भिमाबाईनं तिच्या ओठावर बोट ठेवलं अन् आवाज बारीक केला.

“हळू. मनकर्णी ऐकन. तिच्यापायीच अडकली मी. तोंड दाबून घास घालते, गोळ्या घालते, मरूच देत नाही मले. जीव लावते बिचारी, पण मी थकली वं. तिले नको सांगू.”

खाटीवर दोघी हातात हात घेऊन बसल्या.

“नाही सांगत,” छाया म्हणाली.