रेघेवरचं पाणी

दिगंबरने फिशटँकच्या फिल्टरचा डबा उघडला. आतली रबरी रिंग पार चिरलेली होती. नवी बसवता बसवता त्याने शेजारच्या भरलेल्या बादलीकडे पाहिलं.

"कधीपासून गळतंय, काकू?"

"हे गेले, त्याच्या तिसऱ्या दिवसापासून. दोन महिने होतील. रोज बादली ओतावी लागते म्हणून बाई कुरकुरते, तेव्हा बोलावलं तुला."

"टाकीत पाणीही तीच भरते का?"

"छे! ती माशांना भिते. आणि माझा हात पोचतो होय तिथवर?" व्हीलचेअरवरूनच काकू म्हणाल्या.

दिगंबर चपापला. काचेवर काकांनी मारलेली तांबडी रेघ होती. रोज अंघोळ झाली की ते तांब्या-तांब्याने पाणी घालून टाकी तिथवर भरायचे. आजही पाणी बरोब्बर रेघेवर होतं.

कुणीतरी भरत असेल, काकूंना आठवत नसेल, अशी मनाची समजूत घालून त्याने क्लिपा लावल्या आणि फिल्टर सुरू केला. "झालं. आता थेंब गळणार नाही."

तेवढ्यात सगळे मासे वर येऊन एका कोपऱ्यात गोळा झाले, खाऊ टाकणारा हात दिसल्यासारखे. टाकीपाशी कुणीच नव्हतं. पाणी मात्र हलकेच चढू लागलं. रेघ बुडाली. झाकणाखालून एक ओघळ काचेवर उतरला.

दिगंबर दोन पावलं मागे सरला. काकूंनी फक्त कपाळाला हात लावला.

"जुनी रिंग फेकली नाहीस ना रे? तीच बसव परत. चाळीस वर्षं सांगून थकले, हे कुणाचं ऐकतात होय!"