शनिवारची बॅच

पाचव्या रेघेच्या मध्यावर शाईचा थेंब सुटला आणि कागदावर वाटाण्याएवढा डाग पडला. सोयराबाईंनी टाक उचलून धरला. स्टँडला उलटा अडकवलेल्या मोबाइलला फक्त कागद आणि त्यांचा उजवा हात दिसत होता.

"असू दे, अज्जी. छान प्रयत्न आहे," मोबाइलमधून शलाका म्हणाली.

शलाका बसवनगुडीत राहते आणि टोकदार निबेचं सुलेखन ऑनलाइन शिकवते. सोयराबाई बेळ्ळंदूरला, मुलाच्या चौदाव्या मजल्यावरच्या घरात. शहर एकच, पण जाऊन यायला चार तास. म्हणून शिकवणी मोबाइलवर.

"डाग पडल्यावर कसलं छान?" सोयराबाई म्हणाल्या.

शलाकाने विषय बदलला. "अज्जी, मी कस्तुरीअक्कांना मेसेज केलाय. शनिवारी माझी सीनियर लोकांची एक बॅच असते. ब्रशचं पेन असतं, शाई सांडायची भीती नाही. फुलं काढतात, शुभेच्छापत्रं करतात. मजेत असतात सगळे."

"आणि अक्षरं?"

"स्वल्प अक्षरंपण."

"मला मजा नको, अक्षरं पायजेत. पंचावन्नाव्या वर्षी लिहायला शिकले मी. तेव्हापासून काहीही लिहिलं की लोक म्हणतात, वयाच्या मानानं बरंय. एकदा तरी वय सोडून बोला. वाईट असलं तर वाईट म्हणा."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सून कस्तुरी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसली होती. तिने एका कानावरचा हेडफोन सरकवला. "आई, त्या सांगतायत ते ऐका ना. महिना झाला, रोज डाग. उगाच प्रेशर घेता तुम्ही."

"प्रेशर निबेवर देते. तिनंच सांगितलंय, खाली येताना दाबायचं, वर जाताना सोडायचं."

"दाब बरोबर आहे त्यांचा," शलाका म्हणाली. "तेच तर कळत नाही. निब बदलली, शाई बदलली, कागद बदलला. आता उरला हात. थरथरत असेल, अज्जी. वयाने होतं."

सोयराबाईंनी टाक खाली ठेवला आणि हात मोबाइलखाली पसरून धरला. बोटांच्या टोकांना घट्टे पडलेले. हात जागचा हलला नाही. त्यांनी मनात दहा आकडे मोजले.

"कुठं थरथरतोय?"

"सरी, ठीक आहे," शलाका म्हणाली. तिच्या आवाजातला गोडवा कमी झाला. "शेवटचं एक बघू. तुम्ही बसता कशा, ते दाखवा. मग ठरवू शनिवारचं."

कस्तुरीने उठून मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून समोर ठेवला.

"काढा. मी नाहीच असं समजा," शलाका म्हणाली.

सोयराबाईंनी टाक घेतला, निब कानामागच्या केसांतून एकदा मागे ओढली, दौतीत बुडवली आणि कागदाला लावली. रेघ निम्मी उतरली आणि थेंब पडला.

"थांबा. आत्ता काय केलंत?"

"रेघ काढली."

"त्याच्या आधी?"

"दौतीत बुडवली."

"त्याच्याही आधी?"

सोयराबाईंना काही आठवेना. कस्तुरी मात्र मीटिंग विसरून त्यांच्याकडे बघत होती. "आई, तुम्ही निब केसांतून फिरवलीत."

"फिरवणारच. त्याशिवाय सुई..."

त्या थांबल्या. टाकाकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षं गोधड्या शिवल्या होत्या. मधूनमधून सुई केसांतून फिरवली की तेलाने ती जाड कापडातून सरसर निघते. ही सुई नाही, हे हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

"केसांना तेल लावता?" शलाकाने विचारलं.

"रोज. विस्कटल्या डोक्यानं शिकायला बसू होय?"

"तेलावर शाई टिकत नाही, अज्जी. गोळा होते आणि पडते. नवी निब साबणाने धुवायला सांगते मी, ती त्यासाठीच."

"धुते की. रोज धुते."

"आणि रोज तेल पाजता."

कस्तुरीने तोंडावर हात धरला.

"हस, मोकळी हस," सोयराबाई म्हणाल्या. "तुझा माइक बंद आहे का, ते बघ आधी."

त्या उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन निब भांड्याच्या साबणाने दोनदा धुतली, कोरडी पुसली. येऊन बसल्यावर पदर डोक्यावरून घेतला आणि दोन्ही कानांमागे घट्ट खोचला. टाक हातात घेतला तसा हात सवयीने वर गेला, कापडाला लागला आणि खाली आला.

रेघ खाली येताना भरली, वर जाताना केसाएवढी बारीक झाली. दुसरी आली. तिसरी आली. ओळ संपली तरी डाग नव्हता. सोयराबाईंनी मान वर न करता पान भरलं. शेवटी शलाका एवढंच म्हणाली, "फोटो पाठवा," आणि फोन ठेवला.

वीस मिनिटांनी पान परत आलं. कस्तुरीने ते आधी पाहिलं आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"नंतर बघा, आई."

"दाव."

पानभर लाल वर्तुळं होती. खाली लिहिलं होतं: 'तिरकेपणा एकसारखा नाही. तिसरी, सातवी रेघ फार जाड. शेवट तुटके. सगळं परत काढा. मंगळवारपर्यंत तीन पानं.'

"अकरा चुका काढल्यात," कस्तुरी म्हणाली. "जरा जास्तच करतात ह्या."

सोयराबाईंनी मोबाइल हातात घेतला आणि एकेका वर्तुळावर बोट ठेवत मोजलं.

"बारा आहेत," त्या म्हणाल्या. "महिनाभर एकपण दाखवली नव्हती तिनं मला."